बासष्ट किलो कापूस

कोणत्या वस्तूस किती दाम मोजावा, याविषयी आमचे आणि जगाचे फारसे कधी जमले नाही. बाजारात पहिला हापूस आला की लोक त्याची किंमत ऐकून कानांवर हात ठेवतात. आम्ही मुकाट्याने पिशवी पुढे करतो. उलट, पावसात छत्री मोडून नवी घेण्याची वेळ आली की आम्हांस दुकानदार दरोडेखोर भासू लागतो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, तुम्हां कोकणी माणसांचा खिसा जिभेला शिवलेला असतो. असेलही. हे सारे आम्ही सांगत आहोत ते एवढ्याचसाठी की, पुढे जो निवाडा आम्ही करू पाहत आहोत, तो करणारा न्यायाधीश कितपत भरवशाचा आहे याची वाचकांस आधीच कल्पना असावी.

खटला असा. २०२५ च्या गणेशचतुर्थीस आम्ही गोव्यात पेडण्याच्या घरी गेलो होतो. आरत्या झाल्या, जेवणे झाली, नेवऱ्यांचा डबा उशाशी घेऊन आम्ही सोप्यावर जरा कलंडलो, तोच आमचा दहावीतला भाचा शेजारी येऊन बसला. भाचा आपण होऊन मामाजवळ येऊन बसतो तेव्हा त्यास काहीतरी हवे असते, हे जगातील सर्व मामांस ठाऊक आहे.

“मामा, म्हाका एक खेळ जाय.”

“कितल्याक?”

“पांच हजारांक एक रुपया उणो.”

आम्ही उठून बसलो. त्याचे वडील बोटीवर नोकरीस असतात. त्यांनी परदेशातून येताना प्लेस्टेशन नावाचे यंत्र त्यास आणून दिले होते. आमची अशी भाबडी समजूत होती की, यंत्र आले म्हणजे खेळही आलाच. परंतु यंत्र हे नुसते ताट. पक्वान्न निराळे विकत घ्यावे लागते. २०२१ च्या फेब्रुवारीत हे पाचव्या पिढीचे यंत्र आपल्या देशात आले तेव्हापासून त्यावरच्या मोठ्या, नव्या खेळाची किंमत चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये अशी पाहण्याची ग्राहकांस सवय झाली आहे. आम्ही त्या मुलास मामाला शोभेल असे एक भाषण दिले. त्यात पुस्तके होती, क्रिकेटची बॅट होती, ‘आमच्या लहानपणी’ हे शब्द तर चार वेळा होते.

भाच्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि हिशेब मांडला. म्हापशास सिनेमाला गेलो तर अडीचशे रुपयांचे तिकीट. सिनेमा तीन तासांचा. म्हणजे तासाला त्र्याऐंशी रुपये. हा खेळ साठ तासांचा आहे. म्हणजे तासाला तेवढेच त्र्याऐंशी. शिवाय सिनेमा एकदाच, खेळ पुनःपुन्हा. शिवाय शेजारचे चार मित्र येणार, त्यांना तिकीट नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. त्रैराशिकापुढे नेहमीच निरुत्तर होतो. “बघू,” असे म्हणून आम्ही नेवरीकडे वळलो आणि चार दिवसांनी आदिलाबादेस परत आलो.

इकडे आमची सासुरवाडी, इकडेच आमची शाळा. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण; घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू, बाजारात दोहोंची सरमिसळ. आमच्या शाळेतील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कापूस पिकतो. दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि वर्गातली काही बाके वेचणीच्या दिवसांत रिकामी राहतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा आधारभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एके दिवशी त्या रांगेजवळून सायकलने जात असता आमच्या डोक्यात भाच्याचा हिशेब उगाचच दुसऱ्या नाण्यात उतरला. चार हजार नऊशे नव्व्याण्णव भागिले एक्क्याऐंशी रुपये दहा पैसे : सुमारे बासष्ट किलो कापूस. बोंड न् बोंड हाताने वेचलेला, बासष्ट किलो. तोही आधारभावाने गेला तर. कापसात आठ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला तर भाव कापला जातो, आणि बारा टक्क्यांच्या पुढे तो गेला तर सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतच नाहीत.

त्या रात्री आम्ही भाच्यास कळवून टाकले की, हे आपल्याच्याने होणार नाही. त्याने एक हसरा चेहरा पाठविला. ज्यास अधिक काही बोलायचे नसते तो हल्ली असा चेहरा पाठवितो.

आता, आम्ही खेळांचे वैरी आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. आम्हीही त्याच पापाचे धनी आहोत. गेल्या शतकाची अखेर जवळ आली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. टीव्हीला जोडायचा एक करड्या रंगाचा डबा त्या काळी बाजारात मिळत असे, आणि त्यात खुपसायच्या पिवळ्या वडीवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. आमच्या वाड्यातील एका सधन घरी ती वडी आली तेव्हा आम्हांस वाटले की, आता जन्मभर दुसरे काही करावयास नको. प्रत्यक्षात तिच्यात पाचपंचवीस खेळ होते. तेच उलटसुलट नावांनी, कधी आकाश निळे तर कधी काळे करून, पुनःपुन्हा येत. आकडा मात्र खालपर्यंत चढत जाई. चार हजारावा खेळ उघडला तरी तोच मिशीवाला मारिओ त्याच कासवावर उडी मारी. त्या वडीचे दाम किती होते हे आठवत नाही. पण ते अस्सल नव्हते, नक्कल होती, हे पुढे कळले. ज्यांनी ते खेळ जपानात रचले त्यांना आमच्या वाड्यातून दिडकीही पोचली नसेल. आमच्या पिढीस खेळाची खरी किंमत कधी मोजावीच लागली नाही, आणि म्हणूनच की काय, ती ऐकून आम्ही सर्वाधिक दचकतो.

खरी किंमत का एवढी असते, हे आम्ही मग चौकशी करून पाहिले. अमेरिकेत मोठ्या खेळाचा दर बरीच वर्षे साठ डॉलर होता. २०२० मध्ये तो सत्तरवर गेला. आणि जून २०२५ मध्ये निन्टेंडो कंपनीने मारिओच्या मोटारशर्यतीचा नवा खेळ ऐंशी डॉलरांस बाजारात आणला. एका खेळापाठीमागे शेकडो माणसे चारचार, पाचपाच वर्षे राबतात. कोणी नुसते गवत हलविते, कोणी नुसती पावलांची चाहूल ध्वनिमुद्रित करते. मिळकतही तशीच : ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील पाचवा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये निघाला, तेव्हा तीन दिवसांत एक अब्ज डॉलरांची विक्री झाली. (तो खेळ मुलांसाठी नव्हे, हे येथे शिक्षक या नात्याने नमूद करतो. ते वाचून कोण खेळावयाचे थांबेल, हे निराळे.)

परंतु तासावर भागण्याचा जो हिशेब भाच्याने केला होता, तो मात्र आम्हांस अजूनही पटत नाही. तासाने मोजायचे तर सर्वांत स्वस्त करमणूक म्हणजे रेल्वेची वाट पाहणे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ काढला. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी, असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधीत निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. भिंतींवरील चित्रे पहाडी शैलीतल्या चित्रांची आठवण करून देतात. २०१७ मध्ये या मंडळीने लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा यत्न केला होता, तो फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही. खेळ पाचसहा तासांत संपतो. आमच्या भाच्याच्या त्रैराशिकाने पाहिले तर तो महाग ठरेल. परंतु भाच्याकडेच तो आम्ही पाहिला. पाहून झाल्यावर तो पोरगा बराच वेळ गप्प होता, आणि मग त्याने आपल्या धाकट्या बहिणीस, जिच्याशी त्याचे एरवी हाडवैर, नेवरीतला मोठा तुकडा काढून दिला. हे तासात कसे बसवावे?

असो. आमचा निवाडा येथेच, म्हणजे भाच्याच्या विरुद्ध, कायम राहिला असता. डिसेंबरात एक प्रसंग घडला नसता तर.

बेल्याकडच्या एका खेड्यातील एक पालक शाळेत आले. मुलगा आठवीत, वर्गात गुणी, अबोल. वडिलांनी डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, पोराले म्या मारलं नाही. पण पैसे गेले, तं काही वस्तू तं घरात आली पाहिजे ना? वस्तू कुठं हाय, ते तेवढं तुम्ही त्याले विचारा.”

कापसाचे पैसे बँकेत जमा झाले होते. वडिलांस मोबाइलवरील व्यवहार जमत नाहीत, म्हणून तो गुप्त आकडा मुलासच ठाऊक. खताच्या दुकानाचे पैसेही तोच चुकवी. या मुलाने बारा दिवसांत एका खेळावर सहा हजार तीनशे चाळीस रुपये खर्च केले होते. आणि तो खेळ फुकट होता.

हे आम्हांसही प्रथम उमगले नाही. आम्ही मुलास जवळ बसवून विचारले तेव्हा त्याने खालमानेने सारे दाखविले. खेळ उतरवून घेण्यास एक पैसाही पडत नाही. त्यात बंदूक घेऊन धावणारी एक आकृती असते. तिला फिकट सदरा असतो, आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्या आकृतीस झगझगीत कपडे असतात. रुपये देऊन थेट कपडे मिळत नाहीत. रुपयांचे आधी हिरे होतात, हिरे देऊन पेट्या मिळतात, पेटी उघडली की आत काय निघेल हे नशिबावर. पहिल्या दिवशी एकोणतीस रुपयांचे हिरे. मग एकोणऐंशीचे. सोनेरी कोट हवा होता, टोपी निघाली. पुन्हा उघडली, पुन्हा टोपीच. खेळ दर वेळी सांगे की, आता थोडेच राहिले आहे. एक्केचाळिसाव्या खेपेस तो कोट निघाला.

वडिलांनी मोबाइल हातात घेऊन तो कोट पाहिला. “हा कोन हाय?” त्यांनी विचारले.

“मीच हाव, बा,” मुलगा म्हणाला.

वडिलांनी एकदा त्या सोनेरी कोटवाल्याकडे पाहिले आणि एकदा मुलाच्या शाळेच्या सदऱ्याकडे. सदऱ्याचे एक बटण वेगळ्या रंगाचे होते. ते काही बोलले नाहीत. आम्हांसही काही सुचले नाही. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले की, सरकारने म्हणे पैशांच्या खेळांवर बंदी आणली, मग हे कसे चालले? त्यांनी ऐकले होते ते खरे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने तसा कायदा केला; पण तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांसाठी. येथे जिंकण्यासारखे पैसे नव्हतेच. येथे फक्त कोट होता. तक्रार केल्यावर थोडी रक्कम परत आली, बरीच आली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा भागाकार केला. सहा हजार तीनशे चाळीस रुपये : अठ्ठ्याहत्तर किलो कापूस. भाच्याचा महागडा खेळ बासष्ट किलोंचा होता. फुकटचा खेळ सोळा किलोंनी भारी भरला.

मग आम्हांस ‘पूर्ण किंमत’ या शब्दांतील ‘पूर्ण’ प्रथमच ऐकू आले. वाण्याच्या दुकानात पाटीवर भाव लिहिलेला असतो. पटला तर घ्यावा, न पटला तर पायरी उतरावी. सावकार मात्र दारी येतो, गोड बोलतो, आणि ‘आत्ता काही देऊ नका’ असे म्हणतो. आमच्या कोकणातल्या आणि या कापसाच्या मुलखातल्याही किती घरांनी या दोघांतील भेद शिकण्यासाठी जमिनी घातल्या आहेत! भाच्याच्या खेळाने आपला आकडा तोंडावर लिहिला होता. त्या आकड्याने आम्ही भ्यालो, रागावलो, भाषण केले. म्हणजेच त्या आकड्याने आपले काम चोख केले. फुकटच्या खेळापुढे त्या आठवीच्या मुलास भिण्याची संधीच कोणी दिली नाही. एकोणतीस रुपयांस कोण भितो? आणि साठ तासांनी का होईना, तो खेळ संपतो. मुलास म्हणतो की, झाले, आता उठ. हा फुकटचा संपतच नाही. ज्या दिवशी संपेल त्या दिवशी त्याची प्राप्ती थांबेल.

असे असले तरी नव्या खेळाचे पूर्ण दाम पहिल्याच दिवशी मोजावे, असे म्हणावयास आम्ही अद्यापि तयार नाही. कापसाच्या गाडीत ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसल्यावाचून कोणी भाव सांगत नाही. पण खेळ बाजारात येण्यापूर्वीच लोक महिनामहिना आधी पैसे भरून ठेवतात, हे आम्हांस फार नवल वाटते. ‘सायबरपंक २०७७’ नावाच्या एका पोलिश खेळाची जगाने कित्येक वर्षे वाट पाहिली. १० डिसेंबर २०२० रोजी तो आला तेव्हा जुन्या यंत्रांवर इतका अडखळत होता की, आठच दिवसांत सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि ग्राहकांस पैसे परत देऊ केले. पुढे निर्मात्यांनी तो चिकाटीने दुरुस्त केला, आणि आज लोक त्याची वाखाणणी करतात. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी सर्वाधिक पैसे दिले त्यांना सर्वांत ओला कापूस मिळाला. जे थांबले त्यांना तोच माल सुका, आणि तोही कमी भावात. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने २०१५ पासून एक बरा नियम ठेवला आहे : घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर, परत करता येतो. एवढे तरी ओलावा मोजण्याचे यंत्र सर्वत्र असावे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. दाम दिले, पण वस्तू आपली झाली का? युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतला. मार्च २०२४ अखेर कंपनीने आपल्याकडील यंत्रणा बंद केली, आणि ज्यांच्या कपाटात त्याची तबकडी होती त्यांनाही तो खेळता येईना. युरोपात यावर मोठी चळवळ उभी राहिली. २०२५ च्या जुलैत तिच्या अर्जावरील सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या आरंभापासून असा कायदा लागू झाला की, ग्राहकास नुसता वापरण्याचा परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा. उगाच ‘विकत घ्या’ असे लिहू नका.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्या आजोळची, सावंतवाडीची गंजिफा आठवली. आदिलाबादच्या वाचकांस सावंतवाडी दूर वाटेल. परंतु तिची एक बहीण येथून ऐंशी किलोमीटरवर आहे. निर्मळ हे गाव २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तेथील लाकडी खेळण्यांना २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. निर्मळला पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी होतात, सावंतवाडीस पांगाऱ्याची. निर्मळची मंडळी चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून जोड बुजवतात, सावंतवाडीची गंजिफाही चिंचोक्याच्या खळीवरच उभी. आणि गंजिफा दोन्ही गावी रंगवीत. दशावतारी गंजिफेची गोल पाने एकशे वीस : दहा अवतार, प्रत्येकाची बारा. दिवसा खेळायला बसले तर आरंभ रामाचा, रात्री बसले तर कृष्णाचा. आणि गंमत पाहा, पूर्ण दामाचा तंटा त्याही काळी होताच. उंची संचास ‘दरबार कलम’ म्हणत, साध्यास ‘बाजार कलम’. सरदारांचे पान महाग, रयतेचे स्वस्त. राम-कृष्ण दोघांकडे तेच. आजोळी एक जुना संच होता. त्यातील वामनाचे एक पान हरवले होते, त्याच्या जागी कोणीतरी पुठ्ठा कापून हाताने वामन काढला होता. छत्री इतकी वाकडी की तो वामन पावसात भिजणार हे स्पष्ट दिसे. आम्ही त्या संचाने खेळलो, आमच्या आईने खेळले, तिच्या मामांनी खेळले. तो कोणी विकला नाही की बंद पाडला नाही. त्याचे दाम कधीकाळी कोणी दिले असतील ते एव्हाना तासाला किती पडले, हे भाच्याने सांगावे.

हे सारे आम्ही त्यास जानेवारीत सविस्तर लिहून कळविले. या खेपेस हसरा चेहरा आला नाही. आला तो फोन. मामाचे मत पालटले आहे एवढेच त्याने त्या पत्रातून नेमके वेचून घेतले होते. परंतु पोरगा शहाणा. त्याने विचारले, थोडे थांबलो तर? मार्चात पणजीच्या कोणा मुलाने तोच खेळ पुरा करून तबकडी विकावयास काढली, सत्ताविसशे रुपयांस. वाड्यातील पाच जणांनी साडेचारशे-साडेचारशे काढले, आणि सहावा वाटा आमचा. तबकडीची एक बाजू मोठ्या कामाची आहे : ती दुसऱ्यास देता येते, उसनी मागता येते, पुन्हा विकता येते. भाच्याच्या घरी पाच जणांची पाळी लागली. कोणी किती वेळ खेळायचे याची वही ठेवली गेली, आणि तिच्यात भांडणेही नोंदविली गेली. एप्रिलच्या अखेरीस रात्री अकरा वाजता फोन वाजला.

“मामा, खेळ सोंपलो.”

“आतां कितें?”

“आतां विकतलों. तुजे चारशें परत दितां.”

आमच्या वाट्याचे पन्नास रुपये कोठे गेले हे आम्ही विचारले नाही. मात्र दुसरे एक विचारले. एकदाच पैसे द्यायचे, मग कधीच मागायचा नाही, आणि साध्या मोबाइलवर चालेल, असा खेळ आहे का? त्याने क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगितले : ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने साडेचार वर्षे एकट्याने बसून तो रचला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, लिखाणही त्याचे. २०१६ मध्ये पंधरा डॉलरांस काढला, आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. पुढे त्यात जे जे नवे घातले त्याचे निराळे पैसे त्याने घेतले नाहीत. आपल्या मोबाइलवर त्याची किंमत पाचसात किलो कापसाच्या आतच होती.

निकालाच्या दिवशी ते बापलेक शाळेत आले होते. मोबाइलचा गुप्त आकडा आता वडिलांनी बदलून स्वतःकडे ठेवला होता. आम्ही त्यांस हा खेळ दाखविला, किंमत दाखविली, आणि पुन्हा पैसे मागणार नाही हे दोनदा सांगितले. त्यांनी बोट लावून लावून आकडा टिपला आणि पैसे भरले. मुलाने खेळ उघडला. एक जुने घर, पुढे माजलेले रान. गावचा प्रमुख पेरणीसाठी पंधरा बिया देतो.

“हे काय, शेतीच हाय?” वडील म्हणाले. “लोक पैसे देऊन शेती करते?”

“करतात,” आम्ही म्हटले.

“पीक किती दिवसांत येते?”

“पयलं चार दिवसांत, बा,” मुलगा म्हणाला. तो कंद कसला हे आम्हां तिघांसही नीट ठाऊक नव्हते; पांढऱ्या गाजरासारखा दिसत होता.

“विकाचं कुठं?”

मुलाने घराशेजारची पेटी दाखविली. संध्याकाळी माल तीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. भाव ठरलेला.

वडिलांनी पेटीकडे जरा निरखून पाहिले. “वजनकाटा नाही? ओलावा नाही पाहत? अडत?”

“नाही.”

“कापूस लावता येते?”

मुलाने शोधले. “यात कापूस नाही, बा.”

“मंग बरं हाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी मुंडासे डोक्याला गुंडाळले. शाळेच्या फाटकाबाहेर बेल्याची बस येऊन उभी राहिली होती. मुलगा उठला; पण मोबाइल वडिलांच्याच हाती होता. त्या पंधरा वाफ्यांपैकी नऊ शिंपून झाले होते, आणि दहाव्यावर ते अंगठ्याने झारी नेत होते.